शून्य कशाला म्हणायचे? जिम विल्किन्सन यांचे आयुष्य आणि चुकीची मुभा

विमानांची वेळापत्रके, गोदामांतून निघणाऱ्या मालाचे मार्ग, तेलशुद्धीकरण कारखान्यातील मिश्रणे, गुंतवणुकीची विभागणी. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या कार्यालयांत असे प्रश्न रोज संगणकाकडे सोपवले जातात. हजारो अटी, हजारो अज्ञात राशी आणि त्यांतून सर्वांत कमी खर्चाचे किंवा सर्वांत जास्त नफ्याचे उत्तर. या शास्त्राला लिनियर प्रोग्रॅमिंग, म्हणजेच रेषीय नियोजन म्हणतात आणि उत्तर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला सॉल्व्हर. सॉल्व्हरच्या असंख्य सेटिंग्जमध्ये काही बारीक आकडे दडलेले असतात. गुरोबी आणि सीप्लेक्स या दोन प्रचलित सॉल्व्हरांमध्ये एखादी अट पाळली गेली की नाही हे ठरवणारा आकडा, आपण बदलला नाही तर, ०.०००००१ असतो. मर्यादा शंभराची असेल आणि उत्तर १००.०००००१ पर्यंत गेले, तरी सॉल्व्हर ती अट पाळली गेली असे मानतो. या मुभेला टॉलरन्स म्हणतात.

ही मुभा द्यावीच का लागते? संगणक साधारणपणे प्रत्येक संख्येचे सोळा सार्थ अंक जपतो, पुढचे छाटतो. द्विमान पद्धतीत तर ०.१ ही साधी संख्यादेखील त्याला नेमकी लिहिता येत नाही. त्यामुळे डावी बाजू आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी येण्याचा आग्रह धरला, तर योग्य उत्तरही नाकारले जाईल. मुभा हवी, हे उघड आहे. ती किती असावी आणि तिचा अर्थ काय, हा मात्र कठीण प्रश्न. या प्रश्नाकडे कसे पाहावे हे ज्यांनी शिकवले, त्या जेम्स हार्डी विल्किन्सन यांचे हे चरित्र. रेषीय नियोजन हा त्यांचा विषय नव्हता. पण त्यांनी घालून दिलेल्या पायावाचून आजचा कोणताही सॉल्व्हर उभा राहिला नसता.

विल्किन्सन यांचा जन्म २७ सप्टेंबर १९१९ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील स्ट्रूड या गावी झाला. घरचा दुधाचा व्यवसाय होता. मंदीच्या काळात तो बुडाला. मुलगा मात्र हुशार निघाला. रॉचेस्टर येथील सर जोसेफ विल्यमसन मॅथेमॅटिकल स्कूलमध्ये शिकत असताना, वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवली. १९३६ ते १९३९ ही तीन वर्षे त्याने हार्डी, लिटलवुड, बेसिकोविच यांच्या केंब्रिजमध्ये काढली आणि पहिल्या वर्गात पदवी घेतली. त्या वातावरणात शुद्ध विश्लेषणाला मान होता; आकडेमोड हे कारकुनी काम समजले जाई. विल्किन्सन यांचेही मन शुद्ध गणितातच होते.

दुसऱ्या महायुद्धाने बेत बदलला. १९४० पासून त्यांना तोफगोळ्यांच्या मार्गाचे आणि स्फोटांचे गणित करण्यासाठी आधी केंब्रिजच्या गणनशाळेत आणि मग फोर्ट हॉलस्टेड येथील शस्त्रास्त्र संशोधन विभागात काम करावे लागले. तेथेच त्यांच्यापुढे एकदा बारा एकसामयिक समीकरणांचा संच आला. टेबलावरच्या गणनयंत्रावर एकेका राशीचा लोप करीत जायचे, शेवटी एकच राशी उरली की तिची किंमत काढून उलट्या दिशेने परत यायचे, ही शाळेतली पद्धत त्यांनी वापरली. प्रत्येक पायरीवर दहा दशांश स्थळांपुढचे अंक छाटावे लागत होते. चुका साचत जातील आणि शेवटी उत्तर निकामी होईल अशी त्यांची धारणा होती. प्रत्यक्षात उत्तरे मूळ समीकरणांत घालून पाहिली, तर दोन्ही बाजू अपेक्षेपेक्षा कितीतरी जवळ आल्या. का, हे समजले नाही. युद्ध चालू होते. थांबून विचार करायला उसंत नव्हती.

युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतून विश्लेषणाकडे वळायचे त्यांच्या मनात होते. पण टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत त्यांची अॅलन ट्युरिंग यांच्याशी भेट झाली. ट्युरिंग तेव्हा स्वतःच्या संगणकाचा, एसचा, आराखडा करीत होते. मे १९४६ मध्ये विल्किन्सन तेथे रुजू झाले. अर्धा वेळ ट्युरिंग यांच्यासोबत, अर्धा वेळ गणनयंत्रांच्या विभागात. तात्पुरती वाटणारी ही नोकरी चौतीस वर्षे टिकली. पुढे ज्यांच्या नावाने एक गणितशाखा ओळखली गेली, त्या माणसाने पीएच.डी. केली नव्हती, हेही येथे नमूद करायला हवे.

लवकरच लॅबोरेटरीत अठरा समीकरणांचा एक संच आला. संगणक अजून कागदावर होता. लेस्ली फॉक्स, चार्ल्स गुडविन, ट्युरिंग आणि विल्किन्सन हे चौघे हातगणनयंत्रे घेऊन बसले. काम सुमारे दोन आठवडे चालले. ट्युरिंग यांना फारसा उत्साह नव्हता. एक तर गणनयंत्रावर त्यांचा हात बसलेला नव्हता आणि दुसरे म्हणजे हा खटाटोप फसणार अशी त्यांची खात्री होती.

ही शंका निराधार नव्हती. १९४३ मध्ये अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी हिशेब मांडला होता, की लोप पद्धतीत प्रत्येक नव्या समीकरणागणिक चूक चौपटीपर्यंत वाढू शकते. म्हणजे शंभर समीकरणांसाठी साठ दशांश स्थळे जास्तीची जपायला हवीत! हे खरे असते, तर आजचे सॉल्व्हर जन्मालाच आले नसते. विशेष म्हणजे याच सुमारास, १९४७ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी रेषीय नियोजनाची सिम्प्लेक्स पद्धत शोधली. तिची पहिली मोठी परीक्षाही हातगणनयंत्रांवरच झाली: आहाराचा खर्च कमीत कमी करण्याचे एक गणित, नऊ समीकरणे आणि सत्त्याहत्तर अज्ञात राशी, आणि ते सोडवायला लागलेले श्रम एकशेवीस मनुष्यदिवसांचे. सिम्प्लेक्सच्या प्रत्येक पायरीवर समीकरणांचा एक संच सोडवावा लागतो. एका संचाचीच खात्री नसेल, तर अशा हजारो पायऱ्या कोणाच्या भरवशावर चढायच्या?

टेडिंग्टनच्या अठरा समीकरणांचा निकाल मात्र फोर्ट हॉलस्टेडसारखाच लागला. लोप करता करता शेवटच्या समीकरणात एक दशसहस्रांशाइतका लहान सहगुणक उरला. म्हणजे दहापैकी चार अंक वाया गेले होते. तरीही उत्तरे मूळ समीकरणांत घालून पाहिली, तेव्हा उरलेला फरक दहाव्या दशांश स्थळावर होता. पुढे उत्तरांत आणखी सुधारणा करून पाहिली, तेव्हा कळले की आधीच्या उत्तरांचे साधारण सहाच अंक बरोबर होते. समीकरणे दहा अंकांपर्यंत जुळत होती आणि उत्तर सहा अंकांपर्यंतच खरे होते.

या दोन आकड्यांमधले अंतर हाच विल्किन्सन यांच्या पुढच्या आयुष्याचा विषय झाला. ते समजायला एक छोटे उदाहरण पुरेल. पहिले समीकरण असे, की क्ष आणि य यांची बेरीज २. दुसरे असे, की क्ष अधिक य ची १.०००१ पट म्हणजे २.०००१. खरे उत्तर क्ष १, य १. आता कोणी क्ष २ आणि य ० असे सांगितले, तर पहिले समीकरण तंतोतंत जुळते आणि दुसऱ्यात फक्त ०.०००१ चा फरक पडतो. मुभा एक सहस्रांश असेल, तर दोन्ही उत्तरे पास! आलेखावर या दोन रेषा जवळजवळ समांतर धावतात, म्हणून त्या नेमक्या कोठे छेदतात हे सांगणे अवघड होते. दोष गणना करणाऱ्याचा नसतो, प्रश्नाच्या प्रकृतीचा असतो. ट्युरिंग यांनी १९४८ च्या एका निबंधात या नाजूकपणाला मोजमाप दिले. कंडिशन नंबर हा शब्द तेथूनच रूढ झाला.

ट्युरिंग १९४७ मध्येच लॅबोरेटरीतून रजेवर गेले आणि पुढच्या वर्षी मँचेस्टरला. सरकारी दिरंगाईला ते विटले होते. एसची जबाबदारी विल्किन्सन यांच्यावर आली. पूर्ण यंत्र लवकर होणार नाही हे ओळखून त्यांच्या गटाने छोटी आवृत्ती, पायलट एस, उभारली. पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत ध्वनिलहरींच्या रूपाने संख्या साठवणाऱ्या या यंत्राने १० मे १९५० रोजी पहिला प्रोग्रॅम चालवला. प्रयोगापुरते म्हणून बांधलेले यंत्र १९५५ पर्यंत खऱ्या कामाला जुंपले गेले. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ते आजही पाहायला मिळते. मुलांना घेऊन डायनोसॉरकडे धावणाऱ्या पालकांनी शेजारच्या त्या इमारतीतही जरा डोकवावे.

या यंत्रावर काम करणे म्हणजे समोर बसून ते पाहणे. गणितातील चालू किंमती दिव्यांच्या रांगांत उमटत. विल्किन्सन त्या वाचत, अंदाज बांधत आणि पुढची संख्या हाताने स्विचांवर बसवत. कोणता अंक स्थिरावला आणि कोणता अजून थरथरतो आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसे. माझ्या मते त्यांच्या सिद्धांताची खरी शाळा ही होती. चूक कशी वागते हे त्यांनी आधी पाहिले आणि मग सिद्ध केले.

एक धडा त्यांना कटू लागला. बहुपदीची मुळे शोधण्याचा आपला प्रोग्रॅम तपासण्यासाठी त्यांनी मुद्दाम सोपे उदाहरण घेतले: जिची मुळे १, २, ३ अशी ओळीने २० पर्यंत आहेत ती बहुपदी. मुळे सुटी सुटी, एकमेकांपासून लांब. यात अडचण कसली? पण यंत्र भलतीच उत्तरे देऊ लागले. आधी त्यांनी स्वतःच्याच प्रोग्रॅमवर संशय घेतला. दोष तेथे नव्हता. या बहुपदीत क्ष च्या एकोणिसाव्या घाताचा सहगुणक उणे २१० आहे. त्यात सातव्या दशांश स्थळावर फक्त सव्वा एककाचा बदल केला, तर वीसपैकी दहा मुळे वास्तव संख्याच राहत नाहीत. ती जोडीजोडीने संमिश्र होतात. त्यांतल्या एका जोडीचा संमिश्र भाग तर २.८ च्याही पुढे जातो. एका रेणूएवढ्या बदलाने अर्धे उत्तर नाहीसे झाले होते. ही बहुपदी आज विल्किन्सन यांच्याच नावाने ओळखली जाते.

एकीकडे नाजूक दिसणारी समीकरणे भरवशाची निघत होती आणि दुसरीकडे निरुपद्रवी दिसणारी बहुपदी दगा देत होती. या दोन्ही गोष्टी एकत्र समजावून सांगण्यासाठी विल्किन्सन यांनी प्रश्नच उलटा केला. आपले उत्तर खऱ्या उत्तरापासून किती दूर आहे, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारले, की आपल्याला मिळालेले उत्तर कोणत्या प्रश्नाचे तंतोतंत खरे उत्तर आहे? तो प्रश्न मूळ प्रश्नाच्या किती जवळ आहे? लोप पद्धतीसाठी त्यांनी दाखवून दिले, की प्रत्येक पायरीवर मोठ्यात मोठा सहगुणक निवडून भागाकार केला आणि मधल्या संख्या फुगू दिल्या नाहीत, तर मिळणारे उत्तर मूळ समीकरणांत अगदी किंचित फेरफार करून होणाऱ्या संचाचे अचूक उत्तर असते. हा फेरफार बहुधा संख्या छाटताना होणाऱ्या चुकीच्याच तोडीचा असतो. पद्धतीचा दोष आणि प्रश्नाचा नाजूकपणा अशा प्रकारे वेगळे झाले. पहिल्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची, दुसऱ्याची प्रश्न मांडणाऱ्याची.

हे विवेचन १९६१ च्या एका दीर्घ निबंधातून, १९६३ च्या राउंडिंग एरर्स इन अल्जिब्राइक प्रोसेसेस या पुस्तकातून आणि १९६५ च्या द अल्जिब्राइक आयगेनव्हॅल्यू प्रॉब्लेम या ग्रंथातून जगापुढे आले. त्यातला एक प्रांजळपणा मला फार मोलाचा वाटतो. सर्वांत वाईट परिस्थितीत मधल्या संख्या प्रत्येक पायरीला दुप्पट होऊ शकतात, हे त्यांनी लपवले नाही. उलट तसे उदाहरण स्वतःच दिले. आणि व्यवहारात असे जवळपास घडत नाही, हेही वर्षांनुवर्षांच्या अनुभवावरून सांगितले. सिद्ध झालेले आणि अनुभवाचे त्यांनी कधी एकमेकांत मिसळले नाही.

आता पुन्हा सॉल्व्हरकडे. विल्किन्सन यांच्या दृष्टीने पाहिले, की टॉलरन्सचा अर्थ स्वच्छ होतो. ०.०००००१ ची मुभा देणे म्हणजे, मूळ अटी इतपत सरकवून होणाऱ्या नियोजनाचे उत्तर मला चालेल, असे मान्य करणे. मग पहिला प्रश्न येतो एककांचा. रक्कम रुपयांत लिहिली तर हा आकडा नगण्य. तीच कोटींत लिहिली तर तो दहा रुपये होतो. आखातातल्या तेलाच्या हिशेबात एका ओळीत लाखो पिंपे आणि दुसऱ्या ओळीत टक्क्याचे अंश असले, तर एकच मुभा दोन्ही ओळींना सारखी कशी लागू पडेल? म्हणून अनुभवी माणसे आकड्याला हात लावण्याआधी एकके सुधारतात.

गोदाम उघडायचे की नाही, असे होय-नाही स्वरूपाचे निर्णय आले की धोका वाढतो. निर्णयाची किंमत ० किंवा १ हवी. पण तेथेही मुभा असते, गुरोबी व सीप्लेक्स दोहोंत ०.००००१ इतकी. गोदाम बंद असेल तर माल शून्य, हे सांगण्यासाठी अनेक जण माल हा निर्णयाच्या दहा लाख पटीपेक्षा जास्त नसावा, अशी अट लिहितात. आता निर्णयाची किंमत ०.००००१ आली, तर सॉल्व्हर तिला शून्य समजतो आणि तरीही त्या बंद गोदामातून दहा टन माल बाहेर पडू शकतो. भाडे शून्य, माल दहा टन! सॉल्व्हरने नियम मोडलेला नाही; आपणच दिलेल्या मुभेचा त्याने पुरेपूर उपयोग करून घेतला. येथे मुभा आवळण्यापेक्षा दहा लाखांच्या जागी गोदामाची खरी क्षमता लिहिणे हाच शहाणपणा.

याउलट, उत्तर अशक्य आहे असे सॉल्व्हरने सांगितले, की मुभा सैल करून तोंडदेखले उत्तर मिळवण्याचा मोह अनेकांना होतो. साहेबांना पाठवायचा तक्ता तयार होतो खरा. पण ते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हे मग कोणालाच ठाऊक नसते. आणि मागणीचे अंदाज मुळात दोन-तीन अंकांपुरतेच खरे असताना नवव्या दशांश स्थळाचा हट्ट धरणे, हाही त्याच अज्ञानाचा दुसरा चेहरा.

सॉल्व्हरच्या पोटात विल्किन्सन यांचा आणखी एक वारसा आहे. मोठ्यात मोठा सहगुणक निवडावा हा त्यांचा नियम. पण नियोजनाच्या समीकरणांत बहुतेक जागा शून्यांनी भरलेल्या असतात आणि निवड चुकली तर ती शून्ये भरून जाऊन काम कित्येक पट वाढते. शून्ये राखण्याची युक्ती हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५७ मध्ये सांगितली. गुंतवणूक सिद्धांतासाठी ज्यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले, तेच हे मार्कोविट्झ. दोन्ही नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत, म्हणून तडजोड अशी: रांगेतल्या सर्वांत मोठ्या सहगुणकाच्या ठरावीक अंशाहून लहान नसेल, तर कोणताही सोयीचा सहगुणक चालेल. हा अंश सीप्लेक्समध्ये एक शतांश, गुरोबीत १२८ वा हिस्सा. नाजूक प्रश्नात तो वाढवला की गती घटते आणि भरवसा वाढतो. १९६९ मध्ये स्टॅनफर्डच्या रिचर्ड बार्टेल्स आणि जीन गोलब यांनी सिम्प्लेक्सच्या पायऱ्यांमध्ये ही स्थिरता कशी टिकवावी हे दाखवले, तेही विल्किन्सन यांच्याच विश्लेषणाच्या आधाराने.

मान-सन्मान उशिरा आले, पण एकदम आले. १९६९ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९७० मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजला जाणारा पुरस्कार, जो त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या, ट्युरिंग यांच्याच नावाने दिला जातो. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी अठरा समीकरणांची हकिकत मोठ्या मजेने सांगितली. १९७१ मध्ये क्रिस्टियन राइन्श यांच्यासोबत त्यांनी अल्गोल भाषेतील तपासून घेतलेल्या प्रोग्रॅमांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यावरून अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेत आइसपॅक तयार झाले. त्याच परंपरेत पुढे लिनपॅक, लापॅक आणि क्लीव्ह मोलर यांचे मॅटलॅब आले.

१९८० मध्ये ते लॅबोरेटरीतून निवृत्त झाले. त्याआधीपासूनच ते वर्षातील काही महिने स्टॅनफर्डमध्ये शिकवत. ५ ऑक्टोबर १९८६ रोजी टेडिंग्टन येथे त्यांचे निधन झाले, वय सदुसष्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्या दगाबाज बहुपदीची सारी कहाणी एका लेखात लिहून काढली होती. सुबोध गणिती लेखनासाठी अमेरिकेत दिले जाणारे शोव्हने पारितोषिक १९८७ मध्ये त्या लेखाला मिळाले.